नगरपरिषदेनं वारसा केंद्र कसं चालवावं : ठरावापासून चार्ज देण्यापर्यंत, क्रमाने

नाशिक जिल्ह्यात कुठल्याही गावचं वारसा केंद्र बघायला जा, म्हणजे माहिती केंद्र, स्मृती दालन, कलादालन, नाव काहीही असू द्या, बऱ्याच वेळा दाराला कुलूप असतं आणि शेजारचा चहावाला सांगतो की किल्ली शिपाईमामांकडे असते, ते आज आले नाहीत. मी दहा-बारा वर्षं जुन्या वस्तू आणि वाड्यांच्या नोंदी करतोय, त्या निमित्ताने चार-पाच केंद्रांचं काम आतून बघितलंय, आणि सगळीकडे घोळ एकाच जागी होतो. इमारत आणि उद्घाटन यांचं नियोजन अगदी तारखेसकट होतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी दार कोण उघडणार हे कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून खालचा क्रम मुद्दाम उलटा वाटेल, यात बांधकाम आणि उद्घाटन उशिरा येतं. नगरसेवक, मुख्याधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि गावातले इतिहासवेडे, चौघांनी एकत्र बसून वाचलं तर जास्त उपयोग होईल.

टप्पा १ : ठराव नीट लिहून घ्या

"वारसा केंद्र सुरू करण्यास मंजुरी देण्यात येत आहे" एवढ्याच वाक्याचा ठराव असेल तर तो परत सभेपुढे आणा. बॉडी बदलते, मुख्याधिकाऱ्यांची बदली होते, कधी प्रशासक येतो, आणि मग नवीन माणसाच्या हातात फक्त ठरावाचा कागद उरतो. त्यात किमान एवढं असलंच पाहिजे:

१. केंद्र कुठल्या विभागाकडे आहे आणि जबाबदार कोण. इथे माणसाचं नाव नको, पदाचं नाव लिहा.
२. किल्ल्या किती आणि कुठल्या पदांकडे. तीन संच ठेवा, त्यातला एक कार्यालयात सीलबंद पाकिटात.
३. उघडायची वेळ आणि साप्ताहिक सुट्टी.
४. रोजचा खर्च कुठल्या लेखाशीर्षातून, म्हणजे अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या कुठल्या खात्यातून, होणार.
५. केंद्र बंद करायची वेळ आली तर वस्तूंचं काय होणार. हा मुद्दा लिहिताना सगळ्यांना अवघड वाटतं, तरी लिहा, कारण देणगीदार हेच पहिलं विचारतात.

सुट्टीच्या वाराबद्दल थोडं. सरकारी सवयीने रविवार सुट्टी ठेवली की केंद्र संपलंच म्हणून समजा, कारण लोक येतात तेच रविवारी. आणि आपल्या गावच्या बाजाराचा वारही सोडू नका. नाशकात बुधवारी गोदाघाटावर बाजार भरतो, त्या दिवशी खेड्यावरून आलेली माणसं सामान घेऊन झाल्यावर दहा मिनिटं सहज डोकावतात, आणि जुन्या अवजारांबद्दल सगळ्यात जास्त माहिती हीच माणसं देऊन जातात. त्यामुळे सुट्टी सोमवार किंवा मंगळवार बरी.

समिती सात ते नऊ जणांची पुरे. एक अधिकारी, एक बांधकामाचा इंजिनिअर, एक लेखा विभागाचा, एक-दोन शिक्षक आणि ज्यांचा वारसा आत मांडणार आहात त्या लोकांपैकी किमान तिघं. तांबट आळीची भांडी मांडणार असाल तर तांबट पाहिजे, पैठणी मांडणार असाल तर विणकर पाहिजे. ही माणसं नुसती सत्काराला बोलवायची नाहीत, मजकूर आणि मांडणी ठरवताना त्यांचं मत नोंदवून घ्यायचं.

तपासा: ठरावाची प्रत वाचून अगदी नवीन माणसाला उद्या सकाळी केंद्र उघडता येईल का? येत नसेल तर ठराव अपुरा आहे.

एखाद्या स्थानिक मंडळाला चालवायला द्यायचं असेल तर करारनामा करा, तीन वर्षांचा, आणि त्यात वस्तू कुणाच्या, तिकिटाचे पैसे कुणाचे, दुरुस्ती कोण करणार, किती महिन्यांची नोटीस देऊन कुणाला बाहेर पडता येईल, हे सगळं स्पष्ट. ओळखीच्या माणसांशी कागद कशाला करायचा असं वाटतं, पण ओळख बिघडली की वस्तू मधल्या मधे अडकतात.

टप्पा २ : जागा

जागा दिसली की लगेच आर्किटेक्टला बोलवू नका. आधी उतारा किंवा प्रॉपर्टी कार्ड काढा. वाडा ट्रस्टचा आहे, भाऊबंदकीत आहे, भाडेकरू आहे, यातलं काही निघालं की काम वर्षानुवर्षं अडतं.

दुसरं, संरक्षित स्मारक किती अंतरावर आहे ते मोजा. पांडवलेणी किंवा सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर ही केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याकडची स्मारकं आहेत, आणि प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला मनाई असते आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. स्मारकाच्या अगदी पायथ्याशी केंद्र हवं असा आग्रह असतो, समजू शकतो, पण मग ते अंतरात बसणाऱ्या, आधीपासून उभ्या असलेल्या इमारतीत करा, आणि तिच्या दुरुस्तीलाही परवानगी लागते हे विसरू नका. राज्य संरक्षित वास्तू असेल, जसा नाशिकचा सरकारवाडा, तर राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे आधी पत्र.

तिसरं, पूररेषा. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. गोदाकाठच्या जुन्या इमारती दिसायला सुंदर आहेत, पण १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर ज्यांनी बघितलेत त्यांना सराफ बाजारात पाणी कुठवर आलं होतं ते विचारा. निळ्या रेषेच्या आत जागा असेल तर तळमजल्यावर एकही मूळ वस्तू ठेवायची नाही. खाली फक्त चित्रफलक, तिकीट खिडकी आणि बसायची जागा.

मग चढण. रॅम्पचा उतार १ ला १२ पाहिजे, म्हणजे दोन फुटांच्या जोत्याला २४ फूट लांब रॅम्प लागतो. वाड्यापुढे एवढी जागा नसतेच, म्हणून ऐनवेळी चार फुटांची एक उभी घसरगुंडी केली जाते, जिच्यावरून व्हीलचेअर चढत नाही आणि चढली तर उतरताना धोका. वळणाचा रॅम्प मागच्या दाराने बसतो का ते आधीच बघा. दाराची रुंदी ९० सेंटीमीटर धरा.

आणि टॉयलेट, प्यायचं पाणी, चपला ठेवायची जागा. केंद्रात येणारा माणूस पहिला प्रश्न इतिहासाचा विचारत नाही, टॉयलेट कुठेय ते विचारतो.

सावधान: जुन्या विटा-चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करू नका. ओल आतच अडकते आणि एक-दोन पावसाळ्यात पोपडे सुटतात. चुन्याचं काम करणारा गवंडी मिळेपर्यंत थांबा, खर्च थोडा जास्त आला तरी चालेल.

टप्पा ३ : पैसे, तेही तीन वर्षांचे

जिल्हा नियोजन समितीचा निधी, आमदार निधी, पर्यटनाचा निधी, हे सगळे पैसे बहुतेक वेळा इमारत आणि सामानासाठी येतात. पगार, वीज बिल, झाडलोट, वाळवीची फवारणी, सीसीटीव्हीचं मेंटेनन्स यासाठी ते येत नाहीत, तो खर्च नगरपरिषदेच्या स्वतःच्या खिशातून जातो. म्हणून बांधकामाचं एस्टिमेट मंजूर करायच्या आधी तीन वर्षांच्या चालू खर्चाचा कागद करा, आणि त्यासाठी अंदाजपत्रकात वेगळं लेखाशीर्ष उघडा. "इतर किरकोळ" मध्ये टाकलेला खर्च पहिल्या टंचाईत कापला जातो.

माझा अंदाज विचाराल तर चालू खर्चातला निम्म्याहून जास्त भाग माणसांवर जातो आणि जायलाच पाहिजे. जिथे जिथे माणसांवरचा खर्च वाचवून स्क्रीन घेतल्या तिथे तिथे स्क्रीन बंद आणि माणूसही नाही असं झालंय. एका केंद्रात मोठा टचस्क्रीन वॉरंटी संपल्यावर वर्षभर "नो सिग्नल" दाखवत होता, पोरं येऊन त्यावर बोटं फिरवून जायची, आणि दुरुस्तीचं पत्र कुठल्या विभागाने लिहायचं यावर फाईल फिरत होती. मशीन घेताना देखभालीचा करार त्याच निविदेत घ्या, किमान तीन वर्षांचा, नाहीतर मशीन घेऊच नका. चांगला छापलेला फलक आठ-दहा वर्षं काही मागत नाही.

बल्ब, कुलूप, झाडू यासाठी केंद्राकडे थोडी रोख रक्कम महिन्याच्या हिशोबावर मंजूर करून ठेवा. एका ट्यूबलाइटसाठी तीन सह्यांची वाट बघत दालन अंधारात राहिलेलं मी बघितलंय.

सावधान: देणगीपेटीवर किंवा तिकिटाला लावलेला क्यूआर कोड नगरपरिषदेच्या खात्याचाच पाहिजे. "तात्पुरता माझा लावतो" असं कुणी कितीही चांगल्या मनाने म्हटलं तरी नाही. आणि रोखीला छापील क्रमांकाची पावती.

टप्पा ४ : वस्तू घेताना

इथे जरा सावकाश वाचा, कारण एकदा चुकलं की भरून निघत नाही असा हाच टप्पा आहे.

एका केंद्रात मी बसलो होतो तेव्हा एक आज्जी नातवाबरोबर तांब्याचं घंगाळ घेऊन आल्या. फडक्यात बांधलेलं, काठाला सासूचं नाव घातलेलं. टेबलावरचा कारकून म्हणाला, "ठेवा तिकडे कोपऱ्यात." आज्जींनी ठेवलं, पण हलेनात. मग हळूच म्हणाल्या, "पावती नाही का देत, दादा?" तो म्हणाला, "आज्जी, हे सरकारी आहे, कुठे जातंय." नोंद झाली ती कार्यालयाच्या डेड स्टॉक रजिस्टरला, "तांब्याचे भांडे जुने, १ नग". खुर्च्या, पंखे, कपाटं असतात त्याच रजिस्टरला. पाच-सहा वर्षांनी मोडक्या खुर्च्यांचं निर्लेखन, म्हणजे रजिस्टरमधून कमी करून विकायचं काम, निघालं, यादीत जुनं भांडंही गेलं आणि भंगारवाल्याने ते किलोच्या भावात उचललं. नियमाने सगळं बरोबर होतं, सह्या होत्या, लिलाव झाला होता. नातू बायकोला आज्जीचं घंगाळ दाखवायला घेऊन आला तेव्हा आम्हाला कळलं.

म्हणून पहिली गोष्ट, वारसा वस्तूंचं रजिस्टर वेगळं, बांधीव, पानांना क्रमांक घातलेलं, आणि पहिल्याच पानावर ठरावाचा उल्लेख करून लिहा की या रजिस्टरमधल्या वस्तूंचं निर्लेखन सर्वसाधारण सभेच्या मंजुरीशिवाय होणार नाही. फर्निचरचं रजिस्टर वेगळं. दोन्ही कधीही मिसळायची नाहीत.

वस्तू दारात आली की क्रम असा ठेवा:

१. लगेच हो म्हणू नका. एक साधी पोच द्या, "तपासणीसाठी तात्पुरती घेतली", तारीख आणि सही. मग समिती ठरवेल की घ्यायची का. पन्नास पाटे-वरवंटे सांभाळण्यापेक्षा ज्याची गोष्ट माहितीय असे दोन घेतलेले बरे.

२. वस्तूची गोष्ट त्याच दिवशी लिहून घ्या. कुणाची, कुठल्या घरात वापरात होती, कशासाठी, कुणी घडवली. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा, पण विचारून, आणि परवानगीच्या कागदावर सही घेऊन. सांगणारा माणूस पुढच्या वेळी असेलच असं नाही.

३. देणगी की उसनी हे स्पष्ट करा. देणगीपत्रात मालकी नगरपरिषदेकडे येते असं लिहा. उसनी असेल तर मुदत लिहा, एक वर्ष किंवा दोन वर्षं, "कायमस्वरूपी उसनी" असला प्रकार ठेवू नका. घरात दोन-तीन भावंडं असतील तर सगळ्यांच्या सह्या घ्या.

४. क्रमांक द्या. साल, मग त्या सालातली कितवी देणगी, मग त्यातली कितवी वस्तू, म्हणजे २०२६.४.२ असा. एकदा दिलेला क्रमांक परत दुसऱ्या वस्तूला द्यायचा नाही.

५. क्रमांक वस्तूवर पेनाने किंवा स्टिकरने लावू नका. सुती दोऱ्याने कागदी लेबल बांधा. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने.

६. चारी बाजूंनी फोटो, बाजूला मोजपट्टी ठेवून. चीर, पोचा, डाग, जे आहे ते रजिस्टरला लिहा. उद्या "आमच्याकडे असताना असं नव्हतं" हा वाद येतोच.

७. देणाऱ्याला रजिस्टर क्रमांक घातलेली प्रत हातात द्या. ही प्रत लोक वर्षानुवर्षं कपाटात जपून ठेवतात.

आता कायद्याचं. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे १०० वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष धरली जाते आणि ऐतिहासिक, साहित्यिक किंवा शास्त्रीय महत्त्वाच्या हस्तलिखितांना ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. मूर्ती, शिल्पं, हस्तलिखितं अशा काही प्रकारांची नोंदणी करावी लागते. तुमच्याकडे काय आहे याची यादी घेऊन राज्य पुरातत्त्व विभागाच्या नाशिक कार्यालयात जा आणि लेखी विचारा. नांगरताना किंवा पाया खणताना नाण्यांचा हंडा निघाला आणि लोक तो केंद्रात घेऊन आले तर तो तुम्ही ठेवून घ्यायचा नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि नाण्यांबद्दल शंका असेल तर अंजनेरीला नाणेशास्त्राची अख्खी संशोधन संस्था आपल्याच जिल्ह्यात आहे, ओळख पटवून घ्यायला तिथल्या जाणकारांशी बोला, बाजारातल्या जुनी नाणी विकणाऱ्याला विचारू नका.

वीरगळ, सतीशिळा, भग्न मूर्ती गावाच्या वेशीवरून उचलून केंद्रात आणायची घाई असते. आणू नका. ती कुठे उभी होती हाच अर्धा पुरावा असतो. फोटो, जागेची नोंद, आणि जागेवरच छोटा ओटा आणि फलक. ऑइल पेंट तर अजिबात नाही, कुणी श्रद्धेने लावत असेल तर त्या घरच्यांशी बसून बोला.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबक भागातले बोहाड्याचे, म्हणजे देवदेवतांची सोंगं नाचवायच्या उत्सवाचे, मुखवटे हा वेगळा विषय आहे. आपल्याला ते कलावस्तू दिसतात, पण ज्या घरात सोंग असतं त्या घरासाठी तो देव आहे. जुना मुखवटा मागण्यापेक्षा मुखवटे करणाऱ्या कारागिराला पैसे देऊन प्रदर्शनासाठी नवीन करून घ्या, त्याचं नाव खाली लिहा, आणि कुठला मुखवटा दालनात ठेवलेला चालेल आणि कुठला नाही हे गावाला ठरवू द्या.

तपासा: रजिस्टरमधला कुठलाही एक क्रमांक उघडा. पाच मिनिटांत ती वस्तू, तिचा फोटो आणि देणगीपत्र तिन्ही हातात आलं पाहिजे.

टप्पा ५ : वस्तू सांभाळणं

तांब्या-पितळेची भांडी उद्घाटनाच्या आदल्या दिवशी चिंच किंवा पितांबरी लावून लख्ख करतात, आणि मग दर कार्यक्रमाला करतात. घरच्या भांड्याला ते ठीक आहे. पण इथे भांड्यावर घातलेलं नाव, लग्नाची तारीख, कारागिराचा ठोका हीच तर माहिती आहे, आणि घासून घासून ती पुसट होते. कोरड्या मऊ कापडाने पुसा, बास.

पैठणी घडी घालून ठेवली की घडीवर जर तुटते. जाड पुठ्ठ्याच्या नळीला आधी धुतलेलं मांजरपाट गुंडाळा आणि त्यावर पैठणी गुंडाळा. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका. कागद आणि कापडावर उजेड ५० लक्सच्या वर नको, मोबाईलच्या ॲपवर साधारण अंदाज येतो, आणि खिडकीचं ऊन थेट पडत असेल तर मूळ वस्तू हलवून तिथे प्रत लावा.

लॅमिनेशन, सेलोटेप आणि फेव्हिकॉल या तीन गोष्टी केंद्राच्या दारातून आत येऊ देऊ नका. गोदाघाटाचे जुने फोटो कुणीतरी प्रेमाने लॅमिनेट करून आणतं, ते परत निघत नाही. आधी स्कॅन, ६०० डीपीआय, दोन वेगळ्या ठिकाणी कॉपी, आणि मूळ फोटो आम्लमुक्त कागदाच्या पाकिटात. फोटो छापायची परवानगी त्याच वेळी लेखी घ्या.

वाळवी जूनच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या आसपास एकदा बघा. कपाटं भिंतीला टेकवू नका, चार बोटं अंतर ठेवा.

टप्पा ६ : मजकूर आणि मांडणी

एका फलकावर ६०-७० शब्द. त्याहून जास्त कुणी उभं राहून वाचत नाही. मराठी वर आणि मोठी, मग हिंदी, इंग्रजी. फलकाचा मध्य जमिनीपासून साधारण दीड मीटरच्या आत, आणि लहान मुलांसाठी काही गोष्टी मुद्दाम खाली.

मजकुरात "असं मानतात" आणि "असा पुरावा आहे" हे वेगळं ठेवा. पांडवलेण्यांचं उदाहरण घ्या. नाव पांडवांचं आहे, लोकांच्या तोंडी तेच आहे, ते लिहा, पण ही बौद्ध लेणी आहेत आणि तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, हेही तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहा. नाशिक नावाची शूर्पणखेची कथा आणि नऊ टेकड्यांची व्युत्पत्ती, दोन्ही सांगा, आणि दोन्ही सांगितल्या जातात असं सांगा. पंचवटीवर दालन करताना काळाराम मंदिर येणारच, तर मग २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह आणि दादासाहेब गायकवाडांचं त्यातलं काम वगळून ते दालन पूर्ण होत नाही. "वाद नको" म्हणून असले फलक शेवटच्या क्षणी गाळले जातात. माझं मत स्पष्ट आहे, ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी तो लढा दिला ती माणसं तुमच्या दालनात येणार आहेत, त्यांना स्वतःचं काहीच दिसलं नाही तर ते केंद्र सगळ्या गावाचं म्हणता येणार नाही.

छपाईला देण्याआधी मजकूर तीन जणांनी वाचायचा, एक विषय कळणारा, एक शुद्धलेखन बघणारा आणि एक आठवीतला विद्यार्थी. मूळ फाईल आणि फॉन्ट केंद्राकडे ठेवा, नाहीतर एका काना-मात्रेसाठी प्रत्येक वेळी डिझायनर शोधावा लागतो.

टप्पा ७ : माणसं आणि रोजचं काम

कमीत कमी दोन माणसं एका वेळी. एकच असेल तर तो जेवायला गेला की कुलूप, आणि बरोबर तेव्हाच पुण्याहून आलेलं कुटुंब दारात उभं असतं. एक जण गावातला पाहिजे ज्याला बोलायला आवडतं. मानधन दर महिन्याला ठरलेल्या तारखेला, कंत्राटदारामार्फत असेल तर ते खरंच मिळतंय का हे समितीने विचारायचं.

रोजचं काम भिंतीवर लावा: दिवे, पंखे, कॅमेरे चालू आहेत का, वस्तू मोजल्या का, टॉयलेट साफ आहे का, पाणी भरलं का, आग विझवायचं सिलिंडर जागेवर आहे का. दहा मिनिटांचं काम.

अभिप्रायाची वही सगळे ठेवतात, त्यात "खूप छान उपक्रम" यापलीकडे काही नसतं. त्यापेक्षा कर्मचाऱ्याने स्वतः लिहायची वही ठेवा, तीन रकाने: किती आले, कुठून आले, काय विचारलं. तिसरा रकाना सगळ्यात कामाचा. महिन्यात चाळीस जणांनी रहाडी, म्हणजे नाशकातले रंगपंचमीला रंग खेळायचे जुने हौद, कुठे आहेत असं विचारलं तर रंगपंचमीच्या आधी रहाडींचा नकाशा छापायचा हे समितीला आपोआप कळतं.

शाळांच्या सहली बहुतेक डिसेंबर-जानेवारीत येतात. एका वेळी तीस मुलं, बाकीची बाहेर एखाद्या कामात गुंतवायची. शिक्षकांना आधी एकदा मोकळं बोलवा, त्यांनी स्वतः बघितलेलं असलं की मुलं पळत नाहीत.

टप्पा ८ : आधी महिनाभर चालवा, मग उद्घाटन

गाजावाजा न करता दार उघडा. शेजारची दुकानं, दोन शाळा, एक ज्येष्ठ नागरिक संघ, एक व्हीलचेअर वापरणारी व्यक्ती, एवढ्यांना बोलवा. काय अडतं ते लिहा आणि दुरुस्त करा. पाहुण्यांची तारीख त्यानंतर घ्या, पाहुण्यांच्या तारखेसाठी ओल्या रंगावर फलक ठोकू नका. अग्निसुरक्षेचं काम परवानाधारक एजन्सीकडून करून घ्या आणि २००६ च्या राज्याच्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचं 'ब' नमुन्याचं प्रमाणपत्र कोण देणार ते इथेच ठरवून कॅलेंडरवर लिहा.

टप्पा ९ : पूर आणि सिंहस्थ

नाशिककर पुराची उंची गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात, गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. तुमच्या केंद्राची योजनाही तशीच पायऱ्यांची करा, कारण त्या वेळी फोनवर मीटर आणि क्युसेक कुणाला सुचत नाहीत. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं की रजिस्टर, देणगीपत्रं आणि हार्ड डिस्क वरच्या मजल्यावर. कमरेला आलं की ठरलेल्या वीस वस्तू, ज्यांची यादी दाराच्या आत लावलेली आहे, क्रेटमध्ये भरून वर किंवा टेम्पोने दुसऱ्या इमारतीत. छातीपर्यंत आलं की मेन स्विच बंद आणि माणसं बाहेर. माणूस आधी, वस्तू नंतर, हे कर्मचाऱ्यांना तोंडी सांगा आणि लिहूनही द्या. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवल्याची सूचना आली की फोन कुणी कुणाला करायचा ते नाव-नंबरासकट लावा, आणि १ जूनला एकदा सगळं करून बघा. टेम्पोवाल्याला त्या दिवशी खरंच बोलवा. गावाला दुतोंड्या मारुती नसेल तर नदीकाठचा एखादा पार, घाटाची पायरी, पुलाचा खांब, जे सगळ्यांना माहितीय ते धरा.

भिजलेला कागद उन्हात टाकू नका, पानं चिकटली असतील तर सोडवू नका, पंख्याच्या मंद वाऱ्यात सावलीला वाळू द्या.

सिंहस्थ २०२६ ते २०२८ असा आहे. पर्वणीच्या दिवशी रस्ते बंद असतात आणि कर्मचाऱ्यांना दुसरी ड्युटी लागते, हे धरूनच चाला. रामकुंडाजवळच्या केंद्राने त्या दिवसांत आत गर्दी घेण्याचा हट्ट धरू नये, मूळ वस्तूंचं दालन बंद ठेवून बाहेरच्या भिंतीवर हिंदी-मराठी फलक, पाणी आणि रस्ता सांगणारा माणूस एवढं केलं तरी पुष्कळ झालं. पर्वण्यांच्या मधले दिवस मात्र सोन्यासारखे, तेव्हा वेळ वाढवा. सिन्नर, येवला, चांदवड, भगूरच्या केंद्रांनी तर आत्ताच तयारीला लागावं, कारण यात्रेकरू एक दिवस आसपास फिरतोच.

टप्पा १० : वर्षातून एकदा मोजणी आणि चार्ज

मार्च अखेरच्या धावपळीत मोजणी ठेवू नका, एप्रिलमध्ये करा, १८ एप्रिलचा जागतिक वारसा दिन सोयीचा पडतो. केंद्राबाहेरची दोन माणसं, एक रजिस्टर वाचणार, एक वस्तू हातात घेणार. मग उलटं, वस्तूवरून रजिस्टर. जे सापडत नाही ते त्याच दिवशी लिहा, "बहुतेक कपाटात असेल" असं लिहून पान उलटू नका. उसन्या वस्तूंची मुदत बघा, संपली असेल तर घरच्यांना पत्र. जाहीर निर्लेखनाची यादी निघाली की वारसा रजिस्टर सांभाळणाऱ्याची त्यावर सही असल्याशिवाय एकही नग आवारातून बाहेर जाऊ द्यायचा नाही.

बदली झाली की चार्ज देताना फक्त किल्ल्यांचा जुडगा द्यायचा नाही. जुना आणि नवा माणूस दोघांनी रजिस्टर घेऊन दालनातून फिरायचं, दर पानाखाली दोघांच्या सह्या, आणि देणगीदारांचे फोन नंबर लावून एक-दोघांना तिथूनच फोन, "आता मी बघतो इथलं, तुमचं घंगाळ माझ्यासमोर आहे."